आयपी पत्ता सापडतो, माणूस सापडतो का?

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबाद साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा एक ईमेल येऊन पडला होता. तपास यंत्रणांनी त्याचा आयपी पत्ता काढला, तो ज्या इंटरनेट कंपनीचा होता तिच्याकडून ग्राहकाची माहिती मिळवली आणि महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक थेट नवी मुंबईतल्या सानपाड्यात एका फ्लॅटच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथे एक अमेरिकन नागरिक कुटुंबासह राहत होता. ईमेल ज्या जोडणीवरून गेला ती जोडणी त्याच्याच घरातली होती. आकडा बरोबर, घर बरोबर. तरीही ईमेल त्याने पाठवलेला नव्हता. त्याच्या वाय-फायला पुरेसे संरक्षण नव्हते आणि त्याचा फायदा घेऊन कुणीतरी बाहेरून ते वापरले होते. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचे आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीतल्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरमधल्या एका कंपनीचे वाय-फाय याच पद्धतीने वापरले गेले. तिन्ही वेळा आयपी पत्त्याने जागा अचूक दाखवली आणि तिन्ही वेळा त्या जागेचा मालक निर्दोष होता.

आयपीवरून माणूस शोधता येतो का, या प्रश्नाचे उत्तर या एका प्रकरणात बहुतेक सगळे आले आहे. तरी ते उलगडून पाहण्यासारखे आहे. प्रश्न फक्त दहशतवादाच्या तपासाचा नाही. एखाद्या संकेतस्थळाने त्रासदायक सदस्याला कायमचे बाहेर काढले आणि तो आठवड्याभरात नवे नाव घेऊन परत आला, तर तो तोच आहे हे आयपीवरून कळेल का? उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमधल्या एखाद्या मुलीला बनावट खात्यावरून कुणी छळत असेल, तर तो कोण हे कळेल का? पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हीच आशा धरून येतो. ती आशा खोटी नाही, पण तिच्या पूर्ततेमागे केवढी विलक्षण यंत्रणा आहे आणि ती नेमकी कुठे संपते, हे फार थोड्यांना माहीत असते.

इंटरनेटवर कोणतीही मागणी पाठवली की तिच्यासोबत ‘उत्तर इकडे पाठवा’ असा पत्ता जावाच लागतो. तो पत्ता नसेल तर पान उघडणारच नाही. म्हणजे आयपी पत्ता ही लपूनछपून केलेली हेरगिरी नव्हे, संदेशवहनाची ती मूळ गरज आहे. आयपीच्या आजही सर्वाधिक परिचित असलेल्या चौथ्या आवृत्तीचे नियम सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. तो पत्ता ३२ बिटांचा. त्यामुळे जगात असे पत्ते जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी होऊ शकतात. संगणक विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत होते तेव्हा ही संख्या अफाट वाटली असणार. आज जगाची लोकसंख्याच तिच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि एकेका घरात चार-पाच उपकरणे आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचा साठाही अखेरच्या राखीव गठ्ठ्यावर आला आणि तिथून पुढे रेशनिंग सुरू झाले. भारतात मोबाइल इंटरनेटचा खरा पूर आला तो यानंतर. पत्ते संपले आणि मग माणसे आली.

यातून वाट काढली ती एका पत्त्यामागे अनेकांना बसवून. हे समजण्यासाठी उल्हासनगरचाच पत्ता डोळ्यांपुढे आणावा. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर झाले. लष्करी बराकींमध्ये भिंती घालून खोल्या केल्या आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागले. म्हणून इथला पत्ता आजही बॅरेक नंबर, रूम नंबर, सेक्शन आणि कॅम्प असा लिहिला जातो. पाकिटावर नुसता बॅरेक नंबर असेल तर पोस्टमन बराकीपर्यंत बरोबर पोहोचेल, पण तिथल्या कुटुंबांपैकी पत्र कुणाचे हे त्याला कळणार नाही. आयपी पत्ता हा आज बहुतेक वेळा बॅरेक नंबर असतो. रूम नंबर वेगळा असतो, आणि तो लिहून ठेवायचे बहुतेक जण विसरतात.

त्या रूम नंबरला पोर्ट म्हणतात. प्रत्येक आयपी पत्त्याला ६५,५३६ पोर्ट असतात. इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना देते आणि कोणत्या क्षणी कोणता पोर्ट कुणाला दिला याची नोंद ठेवते. संकेतस्थळाच्या सर्व्हरवरची एक ओळ समोर घेऊ. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला पत्ता वापरला तर ती अशी दिसेल:

२०३.०.११३.४५ : ४१८२७ — १८:१५:०७ +००००

पहिला भाग पत्ता, दुसरा पोर्ट, तिसरा वेळ, शेवटचा वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते. या चारही गोष्टी हातात असतील तर कंपनी लाखो ग्राहकांमधून नेमकी एक जोडणी काढून देऊ शकते. हे खरोखर थक्क करणारे आहे. महिन्यांपूर्वीच्या एका सेकंदाला, हजारो समांतर संभाषणांतले एक संभाषण कुणाच्या जोडणीवरून चालले होते ते सांगणारी वही सतत लिहिली जात असते. पण यातला पोर्ट गाळा आणि तीच वही मुकी होते. समजा कंपनीने प्रत्येक ग्राहकाला १,००८ पोर्टांचा एक गठ्ठा दिला आहे. सुरुवातीचे १,०२४ पोर्ट बाजूला ठेवले तर एका पत्त्यावर बरोबर ६४ ग्राहक बसतात. म्हणजे पोर्ट नसलेल्या नोंदीवरून ६४ जणांची यादी मिळेल, संशयित मिळणार नाही. मोबाइलच्या जाळ्यात ही यादी याहून कितीतरी लांब असू शकते. सर्व्हरने पोर्टही नोंदवावा अशी शिफारस इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने जून २०११ मध्येच केली होती. अनेक संकेतस्थळे आजही फक्त पत्ता नोंदवतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सुधारणा हीच आहे.

कंपन्यांच्या अशा आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये एक खास गठ्ठा राखून ठेवण्यात आला. त्यात ४१,९४,३०४ पत्ते आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६. तिन्ही मिळून सव्वानऊ लाखांच्या वर. त्या एका गठ्ठ्यातून या प्रत्येक माणसाला चार-चार पत्ते देऊनही उरतील. फक्त हे पत्ते कंपनीच्या कुंपणाआतच चालतात. बाहेरच्या जगाला दिसतो तो मूठभर सार्वजनिक पत्त्यांपैकी एखादा.

आता वेळेकडे. वरच्या ओळीतली १८:१५ ही वेळ जागतिक घड्याळाची आहे. भारतीय घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेबारा. पत्रव्यवहार करताना कुणी शेवटचे चार शून्य गाळले आणि समोरच्याने १८:१५ म्हणजे संध्याकाळचे सव्वासहा असे धरले, तर तोच पत्ता त्या वेळी ज्याच्याकडे होता त्याचे नाव बाहेर पडेल. तो कुणीतरी वेगळाच असेल.

अशी चुकीची माहिती माणसाला कुठे नेऊ शकते, हे महाराष्ट्राने २००७ मध्ये पाहिले. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अत्यंत अवमानकारक मजकूर टाकला गेला होता आणि लोकांचा संताप योग्यच होता. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्यावरून माग काढला. एअरटेलने ग्राहकाचे नाव कळवले आणि ऑगस्टच्या अखेरीस बंगळुरूमधल्या एका तरुण संगणक अभियंत्याला घरातून उचलून पुण्याला आणण्यात आले. तो येरवडा तुरुंगात ५० दिवस होता. नंतर उघड झाले की कंपनीने कळवलेला तपशीलच चुकीचा होता, ती जोडणी त्याची नव्हतीच. सानपाड्यात पत्ता बरोबर निघाला आणि माणूस चुकला. इथे पत्ताच चुकला. त्या अभियंत्याने पुढे कंपनीला २० कोटी रुपयांच्या भरपाईची कायदेशीर नोटीस पाठवली. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खुपते ते हे, की अटकेपूर्वी त्याचा संगणक तपासून आणि वेळ पुन्हा जुळवून पाहता आली असती. आकडा एकदा छापून आला की तो पुरावा वाटायला लागतो, आणि प्रश्न विचारायचे राहून जातात.

आयपीवरून ‘लोकेशन’ काढण्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. पिनकोड भूगोलावर बेतलेला असतो: ४२१००१ ते ४२१००५ म्हटले की उल्हासनगरचे पाच भाग, ४२१५०१ म्हणजे अंबरनाथ, ४२१५०३ म्हणजे बदलापूर. आयपी पत्त्याला असा भूगोल नसतो. तो कंपनीला मिळतो आणि कंपनी तो हवा तिथे वापरते. म्हणून बदलापूरच्या घरात बसून ‘माझा आयपी कुठला’ असे पाहिले तर मुंबई किंवा ठाणे दिसणे अगदी नेहमीचे आहे. बदलापूरहून सुटलेली लोकल ६८ किलोमीटर कापून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. वाटेत फोन एकामागून एक मनोरे बदलत जातो, तरी त्याचा आयपी पत्ता सहसा तोच राहतो, कारण तो मनोऱ्याने दिलेला नसतो, कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेने दिलेला असतो. मोबाइलचे ठिकाण पोलिसांना कळते ते मनोऱ्यांच्या नोंदींवरून. ती वेगळी वही.

अमेरिकेत या गैरसमजाचा एक कळस झाला. आयपीचे ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीने ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढेच माहीत असलेल्या सगळ्या पत्त्यांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू ठरवून टाकला. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराच्या आवारात पडला. ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका शेताकडे बोट दाखवू लागले आणि वर्षानुवर्षे तिथे पोलीस, करविभागाचे अधिकारी आणि चिडलेली माणसे येऊन थडकत राहिली. २०१६ मध्ये एका पत्रकाराने हे कोडे सोडवल्यावर कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन ठेवला.

आता बाहेर काढलेल्या सदस्याकडे वळू. संकेतस्थळाला ग्राहकाचे नाव मिळत नाही. इंटरनेट कंपनी ते कुणाही खासगी माणसाला देत नाही, देताही कामा नये. संकेतस्थळ एवढेच करू शकते: जुन्या खात्याचे आणि नव्या खात्याचे आयपी पत्ते शेजारी ठेवून पाहणे. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता काही दिवस टिकला असेल तर ते जुळतात. पण राउटर बंद करून चालू केला किंवा फोन क्षणभर फ्लाइट मोडवर टाकला, की बहुतेकदा नवा पत्ता मिळतो आणि बंदी निरुपयोगी होते. उलट तो जुना पत्ता दुसऱ्याच कुणाला मिळतो आणि काहीही न केलेल्या त्या माणसाला दार बंद दिसते. १ जानेवारी २००७ रोजी विकिपीडियावर एका खोडसाळ वापरकर्त्याचा एक आयपी पत्ता रोखला गेला आणि अख्ख्या कतार देशाचे संपादन थांबले. त्या देशाची जवळजवळ सगळी वाहतूक त्या एकाच पत्त्यातून बाहेर पडत होती. चूक लक्षात येताच बंदी उठवली गेली, पण धडा कायमचा राहिला.

म्हणून जाणकार व्यवस्थापक आयपीला एकट्याने बोलू देत नाहीत. विकिपीडियावर नोंदणीकृत सदस्याचा आयपी पत्ता इतरांना दिसत नाही. निवडक विश्वासू तपासनीसांना तो ठरावीक कारणासाठीच पाहता येतो, आणि नोंद ९० दिवसांनी पुसली जाते. ते पत्त्याबरोबर ब्राउझर कोणता, उपकरण कोणते, लिहिण्याच्या वेळा कोणत्या, विषय आणि शब्दांच्या लकबी कोणत्या, हेही पाहतात आणि मग ‘बहुधा एकच व्यक्ती’ किंवा ‘संबंध दिसत नाही’ अशा बेताच्या भाषेत निष्कर्ष देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या लेखातील मजकुरावरून राज्य पोलिसांच्या महाराष्ट्र सायबर या विभागाने काही विकिपीडिया संपादकांवर गुन्हा नोंदवला, तेव्हा टोपणनावामागे कोण आहे हाच प्रश्न राज्याच्या चर्चेत आला होता.

ब्राउझरची ओळख तर आयपीहूनही चिवट असते. पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, भाषा, आवृत्ती, घड्याळाचा विभाग अशा किरकोळ गोष्टी एकत्र केल्या की त्यांची जुळणी फारच थोड्यांशी होते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४,७०,१६१ ब्राउझर तपासले. त्यांतले ८३.६ टक्के एकमेकांपासून वेगळे ओळखता आले, आणि यात आयपी पत्ता मोजलाच नव्हता. पत्ता बदलणारा सदस्य सहसा आपला फोन बदलत नाही आणि स्वतःची लिहिण्याची सवय तर त्याहूनही क्वचित बदलतो.

सहाव्या आवृत्तीचे १२८ बिटांचे पत्ते आले आणि टंचाई संपली. २०१६ नंतर भारतात चौथ्या पिढीचे मोबाइल जाळे पसरले ते मोठ्या प्रमाणावर या नव्या पत्त्यांवरच. इथे प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता मिळतो, म्हणजे ‘रूम नंबर’चा घोळ कमी. पण पत्त्याचा मागचा अर्धा भाग फोन खासगीपणासाठी स्वतःच अधूनमधून बदलतो. बंदी घालणाऱ्याने पूर्ण पत्ता रोखला तर उद्या तोच फोन दुसरा पत्ता घेऊन येईल. रोखायचा असतो तो पहिला अर्धा भाग. जुन्या सवयीने काम करणाऱ्या अनेक व्यवस्थापकांना हे अजून उमगलेले नाही.

व्हीपीएन, म्हणजे वाहतूक स्वतःच्या सर्व्हरमधून वळवणारी सेवा, घेतली तर समोर दिसतो तो त्या सेवेचा पत्ता. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने भारतातल्या व्हीपीएन सेवांना ग्राहकांची माहिती ५ वर्षे ठेवायला आणि सर्व सेवादात्यांना नोंदी १८० दिवस जपायला सांगितले. त्यावर अनेक परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी आपले सर्व्हरच भारतातून हलवले. तरीही व्हीपीएन वापरणारा हमखास निसटतो असे नाही. एकदाच विसरून थेट लॉगिन केले, खाते उघडताना खरा मोबाइल क्रमांक दिला, तेवढे पुरते. गुन्हेगार बहुतेक वेळा सापडतो तो अशा एखाद्या विसरण्यामुळे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरची पोलीस ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ ४ मध्ये येतात. तिथे नोंदलेल्या तक्रारीत साखळी अशी चालते: आधी त्या समाजमाध्यमाच्या कंपनीकडून खात्याचे आयपी, पोर्ट आणि वेळा मागवायच्या, मग त्या पत्त्यांच्या इंटरनेट कंपनीकडून ग्राहक मागवायचा. परवान्याच्या अटींनुसार इंटरनेट कंपन्यांनी या नोंदी किमान २ वर्षे ठेवायच्या असतात. ही मुदत डिसेंबर २०२१ मध्ये एका वर्षावरून वाढवली गेली. न्यायालयात त्या नोंदी टिकायच्या तर सोबत प्रमाणपत्र लागते. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी पक्का केला तोही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात झालेला तो वाद होता. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तीच अट आहे. पण ग्राहकाचे नाव हाती आले म्हणजे तपास संपला असे नसते. त्या घरात किती माणसे, वाय-फायचा पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक, तो शेवटी कधी बदलला, त्या वेळी घरात कोण होते, कोणत्या उपकरणात ते खाते उघडलेले सापडते, हे सगळे पायी चालून आणि माणसांशी बोलूनच कळते.

तेव्हा उत्तर असे: आयपी पत्ता, पोर्ट आणि अचूक वेळ मिळून जोडणी सांगतात. जोडणीकडून माणसाकडे जायला वेगळा पुरावा लागतो. संकेतस्थळाला परत आलेल्या सदस्याचा रास्त संशय घेता येतो, खात्री देता येत नाही.

वाचकांनी आपल्यापुरते करावे असे थोडेच आहे. कॅम्पातल्या खोलीत असो वा बदलापूरच्या नव्या टॉवरमध्ये, राउटर बसवताना आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि शेजारी किंवा पाहुण्यांना दिलेला पासवर्ड अधूनमधून बदलत राहा, कारण त्या जोडणीवरून गेलेल्या प्रत्येक गोष्टीचा पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार आहे. कुणी ऑनलाइन छळत असेल तर मजकूर पुसू नका. त्याचा पूर्ण दुवा, खात्याचे नाव, तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ लिहून ठेवा आणि लगेच पोलीस ठाणे गाठा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैशांची फसवणूक झाली असेल तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर फोन करा. परदेशी कंपन्यांकडच्या नोंदी काही महिन्यांत पुसल्या जातात, आणि पुसलेली नोंद कुठल्याच तपासाला परत आणता येत नाही.